लाकडावर नाव न कोरलेला कारागीर
टॉमस चिपेंडेल (१७१८–१७७९) याचे चरित्र

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र छापण्याचा प्रघात आहे. बहुधा ते एखाद्या संताचे, समाजसुधारकाचे अथवा ज्ञातीतील दानशूर गृहस्थाचे असते. यंदा संपादक मंडळाने हे काम माझ्याकडे सोपविले. मी जो चरित्रनायक निवडला आहे तो आपल्या ज्ञातीचा नाही, आपल्या देशाचाही नाही. परंतु धंद्याच्या नात्याने पाहिले तर तो आपला भाऊबंदच ठरतो. त्याचा बाप सुतार होता. रंधा, करवत आणि पटाशी हीच त्याच्या घराण्याची दौलत होती. आज त्याच्या मृत्यूस अडीचशे वर्षे होत आली, तरी हातांनी घडविलेल्या उत्तम लाकडी सामानाची गोष्ट निघाली म्हणजे जाणकारांच्या तोंडी प्रथम येणाऱ्या नावांत त्याचे नाव असते. त्या कारागिराचे नाव टॉमस चिपेंडेल.

हे चरित्र निवडण्यास एक घरगुती कारणही घडले. ते लेखाच्या शेवटी निवेदन करीन.

जन्म व उमेदवारी

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशायर नावाचा प्रांत आहे. तेथे वार्फ नदीच्या काठी ऑटली हे लहानसे बाजारपेठेचे गाव वसलेले आहे. १७१८ सालच्या जून महिन्याच्या ५ तारखेस या गावच्या चर्चमध्ये टॉमसचा नामकरणविधी झाल्याची नोंद सापडते. पित्याचे नाव जॉन व मातेचे मेरी. घराण्यात लाकूडकाम पूर्वापार चालत आलेले असल्यामुळे मुलगाही त्याच कामाला लागणार हे जणू ठरलेलेच होते. गावच्या शाळेत त्याचे थोडे शिक्षण झाले असावे, असे अभ्यासक मानतात. त्याला लिहिता, वाचता आणि हिशेब मांडता उत्तम येत असे, हे मात्र त्याच्या पुढील आयुष्यावरून उघड दिसते. हाताची विद्या व अक्षरांची विद्या या दोन बहिणी त्याच्या घरी एकत्र नांदल्या, आणि त्याच्या भाग्योदयाचे मूळ याच ठिकाणी आहे.

पहिले धडे त्याने पित्याजवळ गिरविले. पुढे यॉर्क शहरातील रिचर्ड वुड या कारागिराकडेही त्याने काही काळ काम केले असावे, असे मानले जाते. या वुडने पुढे चिपेंडेलच्या ग्रंथाच्या एकदम आठ प्रती मागविल्या. गुरूने शिष्याचे पुस्तक विकत घ्यावे, यापरता शिष्याचा गौरव तो कोणता?

लंडनचे दिवस

वयाच्या तिशीच्या आत-बाहेर असताना चिपेंडेल लंडनला आला. १७४७ साली एका उमरावाच्या हिशेबवहीत त्याला पैसे दिल्याची नोंद आहे. लंडनमधील त्याच्या वास्तव्याची ही सर्वांत जुनी खूण होय. १७४८ च्या मे महिन्यात कॅथरिन रेडशॉ हिच्याशी त्याचा विवाह झाला. या दांपत्यास नऊ अपत्ये झाली. आरंभीची काही वर्षे भाड्याच्या लहान जागांत काढल्यावर १७५४ च्या सुमारास त्याने सेंट मार्टिन्स लेन या रस्त्यावर प्रशस्त जागा घेतली. जेम्स रॅनी नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ भांडवलासह भागीदार झाला. दुकानाची ओळख म्हणून खुर्चीचे चिन्ह लावण्यात आले. पुढे दुकान, मागे अंगण आणि अंगणाच्या कडेने कामाच्या खोल्या, अशी ती मांडणी होती.

त्या काळी तेथे लाकडाच्या बाबतीत मोठे स्थित्यंतर घडून आले होते. पूर्वी इंग्लंडात ओक आणि अक्रोड यांचे सामान होत असे. १७२१ साली परदेशी वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरील जकात उठली आणि जमेका, क्यूबा, होंडुरास इकडून महोगनीचे ओंडके लंडनच्या धक्क्यावर येऊ लागले. महोगनीचा गुण आपल्या सागवानाशी ताडून पाहता येईल. तिच्या फळ्या चांगल्या रुंद निघतात, वाळल्यावर त्या फारशा वाकत नाहीत, पोत घट्ट असतो आणि बारीक कोरीव काम केले तरी कडा ढलपत नाहीत. नाजूक जाळीदार पाठीच्या ज्या खुर्च्यांसाठी चिपेंडेलचे नाव झाले, त्या या लाकडामुळेच शक्य झाल्या. मात्र याच ठिकाणी एक दुःखाची गोष्टही सांगितली पाहिजे. ते प्रचंड वृक्ष तोडून किनाऱ्यापर्यंत ओढून आणणारे लोक आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम होते. त्या खुर्च्यांच्या इतिहासात त्यांचे नाव कोठेही नाही.

ग्रंथाचे धाडस

१७५४ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, चिपेंडेलने असे एक काम केले की जे त्याच्या आधी तेथील कोणत्याही सामान घडविणाऱ्या कारागिराने एवढ्या प्रमाणावर केले नव्हते. त्याने आपल्या कामाच्या नमुन्यांचा मोठा सचित्र ग्रंथ स्वतः प्रसिद्ध केला. दि जंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर हे त्याचे नाव. सद्गृहस्थ आणि सामान घडविणारा कारागीर या दोघांनाही मार्गदर्शक, असा त्याचा आशय होतो. त्यात १६० चित्रपत्रे होती व ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेली होती. खुर्च्या, मेजे, पलंग, पुस्तकांची कपाटे, आरशांच्या चौकटी, घड्याळांच्या पेट्या असे नाना प्रकार त्यात आले. फ्रेंच धर्तीची वळणे, जुन्या गॉथिक चर्चांच्या कमानी आणि चिनी जाळीकाम या तीन पद्धतींचा त्याने सुंदर मेळ घातला. ग्रंथाच्या आरंभी प्राचीन स्तंभांच्या पाच प्रकारांची मापे दिली आहेत. लाकडाच्या खुर्चीलाही प्रमाणाचे शास्त्र लागू असते, हे त्याने जणू पहिल्याच पानांवर बजावून ठेवले.

एवढे पुस्तक छापण्याचा खर्च एका कारागिराला पेलणारा नव्हता. म्हणून त्याने आगाऊ वर्गणीदार मिळविले. त्या वर्गणीदारांची यादी ग्रंथात छापलेली आहे. तीत सरदार-उमराव आहेत, परंतु त्यांहून लक्षात भरणारी गोष्ट ही की त्याच यादीत सुतार, नक्षीकाम करणारे, गादीकाम करणारे असे धंद्यातील लोक फार मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे ज्यांच्याशी बाजारात चढाओढ करावयाची, त्यांच्याच हाती त्याने आपले नमुने मापांसह दिले.

बंधूंनो, या गोष्टीचा आपण विचार करावा. धंद्याची खुबी घराबाहेर जाऊ द्यायची नाही, ही समजूत आपल्याकडेच होती असे नाही. तेथेही उमेदवारीत शपथ घेऊन मालकाची गुपिते सांभाळावी लागत. नमुने उघडे केले तर उद्या माझ्याकडे कोण येईल, ही भीती चिपेंडेलला वाटली नसेल काय? अवश्य वाटली असेल. काही टीकाकारांनी तर ही चित्रे कागदावरच शोभतात, लाकडात उतरणार नाहीत, असा आक्षेप घेतल्याचे त्याच्या प्रस्तावनेवरून दिसते. त्याला त्याने दिलेले उत्तर कारागिराला साजेसे होते. प्रत्येक नमुना आपण स्वतःच्या देखरेखीखाली तयार करून देऊ शकतो, असे त्याने आत्मविश्वासाने लिहिले.

परिणाम काय झाला? दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १७५५ साली, ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. १७६२ साली २०० चित्रपत्रांची वाढविलेली तिसरी आवृत्ती निघाली व तिचे फ्रेंच रूपही तयार झाले. फ्रान्सचा राजा सोळावा लुई व रशियाची राणी कॅथरिन यांच्या संग्रही ते होते. अटलांटिक महासागरापलीकडे फिलाडेल्फिया शहरातील कारागीर ते पुस्तक समोर ठेवून काम करू लागले. इंग्लंडात इन्स व मेह्यू या जोडीने त्याच धर्तीचा आपला ग्रंथ काढला. नमुने वाटल्याने चिपेंडेल लहान झाला नाही. उलट राजाच्या वा शैलीच्या नावाने ओळखले जाणारे सामान प्रथमच एका सुताराच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

बावीस पेट्यांची गोष्ट

भरभराटीचे दिवस सुरू झाले असतानाच मोठे संकट कोसळले. १७५५ सालच्या एप्रिल महिन्याच्या ५ तारखेस कारखान्याला आग लागली. त्या आगीत २२ कामगारांच्या हत्यारांच्या पेट्या जळून गेल्या.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी हत्यारांची पेटी आहे त्यांना या एका वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. त्या काळी तेथे कारखानदार लाकूड पुरवी, परंतु हत्यारे ज्याची त्याने आणावयाची, अशी रीत होती. एकेक पटाशी, एकेक रंधा हा वर्षांच्या कमाईतून जमविलेला असे. हाताला बसलेली मूठ दुकानात मिळत नाही. पेटी गेली म्हणजे त्या माणसाची उद्याची मजुरीच गेली. कारखान्याचा विमा उतरविलेला असल्यामुळे कारखाना पुन्हा उभा राहिला. पेट्या किती जळल्या हे आपणांस ठाऊक आहे. परंतु त्या पेट्यांचे धनी कोण होते, त्यांची नावे काय, ते कोणत्या कामात निष्णात होते, हे इतिहासाने जपून ठेवलेले नाही.

कारखान्याची रीत

येथे वाचकांच्या मनात एक प्रश्न सहज उद्भवेल. चिपेंडेलच्या नावावर जे सामान सांगितले जाते ते त्याने स्वतः घडविले काय? याचे उत्तर ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. त्याच्या स्वतःच्या हातचे म्हणून खात्रीने दाखविता येईल असे एकही सामान आज नाही. कारखाना वाढल्यावर तेथे अदमासे चाळीस-पन्नास माणसे काम करीत. गिऱ्हाइकाकडे जाणे, जागेची मापे घेणे, नमुना रेखाटणे, लाकूड निवडणे आणि झालेल्या कामावर नजर ठेवणे ही कामे चिपेंडेलची होती. सांगाडा जोडणारा निराळा, नक्षी कोरणारा निराळा, रंगीत लाकडांचे पातळ पापुद्रे कापून सरसाने जडविणारा निराळा, सोन्याचा वर्ख देणारा निराळा आणि गादी भरणारा निराळा. एका खुर्चीवरून इतके हात फिरत तेव्हा ती दिवाणखान्यात जाण्यास योग्य ठरे.

उत्तम काम ओळखणे हीदेखील एक विद्याच आहे. दुसऱ्याच्या हातातील गुण पारखून त्याच्या योग्य ते काम त्याला देणे आणि ते काम आपल्या नावाला शोभेल इतके नेटके करवून घेणे, यात चिपेंडेलची थोरवी होती. यॉर्कशायरमधील हेअरवुड हाउस या प्रासादासाठी १७७३ साली या कारखान्याने एक खणांचे कपाट करून दिले. डायाना व मिनर्व्हा या दोन देवतांच्या आकृती हस्तिदंताने जडविलेल्या असल्यामुळे ते त्यांच्याच नावाने प्रसिद्ध आहे. त्याची किंमत ८६ पौंड झाली. पिवळसर, रेशमासारख्या चमकदार लाकडाच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या रंगांच्या लाकडांची जडणी आहे आणि मधला भाग आत वळत गेलेला आहे. वळलेल्या पृष्ठावर पापुद्रा न फाटता, सांधा न दिसता बसविणे ही काय कसोटी आहे, हे ज्याने सरस हाताळला आहे त्यालाच उमजेल. त्या कारागिराचे नाव आपणांस ठाऊक नाही. परंतु त्याचा हात समोर दिसतो, आणि दोनशेपन्नास वर्षांनंतर एका सुताराच्या मुलाचे मस्तक त्या हातापुढे लवते.

त्याच प्रांतात नॉस्टेल नावाचा दुसरा प्रासाद आहे. तेथील ग्रंथालयासाठी चिपेंडेलने महोगनीचे भव्य लेखनमेज दिले. त्याचे ७२ पौंड १० शिलिंग लावलेले आहेत. त्याच घराला त्याने स्वयंपाकघरासाठी एल्म वृक्षाच्या लाकडाचा मांस तोडण्याचा भक्कम ओंडकाही पुरविला. मला स्वतःला त्या कपाटापेक्षाही या ओंडक्याचे कौतुक अधिक वाटते. ज्याच्या ग्रंथाची कीर्ती राजेरजवाड्यांपर्यंत पोहोचली होती, त्याला स्वयंपाकिणीचा ओंडका करून देण्यात कमीपणा वाटला नाही. पडदे शिवून लावणे, भिंतींना चिनी चित्रांचे कागद चिकटविणे, गाद्या भरणे, जुने सामान दुरुस्त करणे, ही सर्व कामे तो घेत असे.

जाता जाता एक गैरसमज दूर करावासा वाटतो. पक्ष्याच्या नखांनी चेंडू धरलेला आहे असा पाय असलेली खुर्ची दिसली की तिला चिपेंडेल म्हणण्याची जुन्या सामानाच्या बाजारात चाल पडली आहे. वास्तविक त्याच्या ग्रंथातील चित्रांत तसा पाय नाही. फार मोठ्या नावाखाली दुसऱ्यांचे कामही झाकले जाते, याचे हे उदाहरण समजावे.

भारताचा एक धागा

चिपेंडेलच्या चरित्रात आपल्या देशाचाही एक धागा गुंफलेला आहे. डेव्हिड गॅरिक हा त्या काळचा लंडनचा अग्रगण्य नट. त्याच्या घरांचे सामान चिपेंडेलने पुरविले होते. त्यात एक पलंग होता आणि त्यासाठी वापरण्याचे कापड पूर्व किनाऱ्यावरील मच्छलीपट्टणच्या बाजूचे, हाताने रंगविलेले सुती छीट होते. कलकत्त्याच्या इंग्रज मंडळींनी ते गॅरिकच्या पत्नीला भेट म्हणून पाठविलेले होते. भारतीय रंगीत कापडापुढे इंग्लंडातील विणकरांचा टिकाव लागेना, म्हणून त्यावर तेथे बंदी होती. त्यामुळे १७७५ च्या सुमारास जकातीच्या अधिकाऱ्यांनी ते कापड जप्त केले व बाईंना बराच त्रास झाला. आज तो पलंग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पलंगाच्या सुताराचे नाव जगास ठाऊक आहे. ज्याच्या रंगाची धास्ती एका राज्याच्या कायद्याने घेतली, त्या आपल्या रंगाऱ्याचे नाव कोणासही ठाऊक नाही.

उधारीचा फास

एवढी कीर्ती, एवढे मोठे गिऱ्हाईक. तेव्हा चिपेंडेल गडगंज श्रीमंत झाला असेल असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात त्याचे सारे आयुष्य पैशांच्या ओढाताणीत गेले. उमराव लोक सामान तत्काळ मागत आणि पैसे मात्र सवडीने देत. लाकूडवाल्याचे देणे थांबत नसे, कामगारांची मजुरी थांबत नसे; थांबे ते केवळ प्रासादातून येणारे पैसे. १७६६ च्या आरंभी भागीदार रॅनी मरण पावला. त्याचे भांडवल वारसांकडे जावयाचे, म्हणून कारखान्यातील पुष्कळ मालाचा लिलाव करावा लागला. पुढे रॅनीचा हिशेबनीस टॉमस हेग १७७१ साली भागीदार झाला.

नॉस्टेलचा मालक सर रोलंड विन याच्याशी झालेला चिपेंडेलचा पत्रव्यवहार शिल्लक आहे. तो वाचला म्हणजे मन विषण्ण होते. कामाला उशीर झाला म्हणून मालकाने ताडताड बोलावे आणि झालेल्या कामाचे पैसे मिळावेत म्हणून या जगप्रसिद्ध कारागिराने पुनःपुन्हा विनवण्या कराव्यात, असा तो प्रकार आहे. दोष सर्वस्वी मालकाचा होता असेही नाही. चिपेंडेल आवाक्याबाहेर कामे अंगावर घेई व वायदे मोडी. १७६९ साली त्याने फ्रान्समधून ६० अर्धवट खुर्च्या मागविल्या आणि त्यांची किंमत फारच कमी दाखविली, म्हणून जकात खात्याने त्या जप्त केल्या. थोरांचे दोष झाकून चरित्र लिहू नये, म्हणून हेही सांगितले.

ज्या हेअरवुड प्रासादाचे वर्णन वर केले, त्याचा धनी एडविन लॅसेल्स याच्या घराण्याची संपत्ती बार्बाडोस बेटावरील साखरेच्या मळ्यांतून व गुलामांच्या श्रमांतून आलेली होती. म्हणजे लाकूडही गुलामांनी तोडलेले आणि ते विकत घेणारा पैसाही गुलामांच्या घामाचा. सुंदर वस्तूचे कौतुक करताना तिच्या मागचे हे हातही दृष्टीआड होऊ नयेत.

अखेर

१७७२ साली पत्नी कॅथरिन वारली. १७७६ च्या सुमारास चिपेंडेलने कारभार थोरला मुलगा टॉमस याच्याकडे सोपविला. १७७७ साली त्याने दुसरा विवाह केला. प्रकृती मात्र खालावत गेली, आणि १७७९ च्या नोव्हेंबरमध्ये क्षयरोगाने त्याचे देहावसान झाले. लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चच्या आवारात त्याला मूठमाती देण्यात आली. त्या दफनभूमीवर पुढे इमारती उठल्या. आज त्याच्या थडग्याची खूण नाही. त्याचे एकही अस्सल चित्र उपलब्ध नाही, त्यामुळे तो दिसे कसा हेही कोणी सांगू शकत नाही. मुलगा पित्याइतकाच कसबी होता. परंतु उधारीचे दुखणे वारसाहक्काने त्याच्याकडे आले, आणि १८०४ साली त्याचे दिवाळे निघून मालाचा लिलाव झाला.

मग नाव उरले कशाने?

चेहरा नाही, थडगे नाही, सामानावर कोरलेले नावही सहसा नाही. मग चिपेंडेलचे नाव उरले कशाने? ते उरले कागदाने. एक त्याचा ग्रंथ आणि दुसरी त्याची बिले. प्रासादांच्या दफ्तरखान्यांत ती बिले पडून राहिली होती. कोणत्या खोलीसाठी, कोणत्या लाकडाची, कशा घडणीची वस्तू, किती दामाला दिली, याचा त्यात तपशील आहे. अभ्यासकांनी ती बिले हाती घेऊन खोल्याखोल्यांतून वस्तू ताडून पाहिल्या, आणि ही खुर्ची त्याची, हे मेज त्याचे, असे एकेक सिद्ध केले. १९६५ साली त्याच्या नावाची संस्था इंग्लंडात स्थापन झाली. १९७८ साली क्रिस्तोफर गिल्बर्ट यांनी या कागदपत्रांच्या आधारे त्याचे विस्तृत चरित्र सिद्ध केले.

कागदाचा महिमा २००७ साली जगाने पाहिला. स्कॉटलंडमधील डम्फ्रीस हाउससाठी चिपेंडेलने १७५९ साली सामान पाठविले होते, आणि त्याच्या बिलांसह ते त्याच घरात टिकून होते. ते लिलावात विकावयाचे ठरले. सामान मोटारींत भरून लंडनकडे निघालेही होते. इतक्यात त्या वेळचे युवराज चार्ल्स यांच्या पुढाकाराने ४ कोटी ५० लक्ष पौंड उभे राहिले, वास्तू सामानासह वाचली आणि वाटेवरच्या मोटारी मागे फिरल्या. २०१८ साली त्याच्या जन्मास ३०० वर्षे झाली तेव्हा यॉर्कशायरमध्ये त्याच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. ऑटली गावात जुन्या शाळेपाशी आज त्याचा पुतळा उभा आहे. चेहरा ठाऊक नसल्याने तो शिल्पकाराने कल्पनेनेच घडविला.

घरची गोष्ट

आता आरंभी म्हटलेले घरगुती कारण सांगतो. माझे वडील सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात सुतारकी करीत. नांगर, तिफण, पाळणे, देव्हारे आणि विशेषेकरून बैलगाडीची चाके यांत त्यांचा हातखंडा होता. बाभळीचे लाकूड किती महिने मुरवावे, तुंब्याला आरे कोणत्या कलाने बसवावेत, धाव तापवून चढविताना किती फट ठेवावी, हे सारे त्यांच्या बोटांत होते. पंचक्रोशीतले दुसरे सुतार वडिलांचे चाक पाहावयास येत, आणि वडीलही दुसऱ्याचे चांगले काम दिसले की त्यावरून हात फिरवून मान डोलवीत. मी मात्र मॅट्रिक झालो, शिक्षक झालो, आणि पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना लिहावयास शिकविले. सुट्टीत घरी गेलो की वडील ओसरीवर बसून मापे सांगत. मी ऐकत असे. पेन खिशाला असे, वही पिशवीत असे. परंतु एकदाही ते लिहून घ्यावे असे मला सुचले नाही. वडील गेले, तेव्हा ती सारी विद्या त्यांच्याबरोबर गेली. त्यांची हत्यारांची पेटी माझ्याकडे आहे. ती आगीत जळाली नाही. पण जी राखली पाहिजे होती ती गोष्ट माझ्याच हातून गेली.

गेल्या वर्षी एका ओळखीच्या घरी एक जुनी सागवानी आरामखुर्ची पाहिली. सांधे इतके बेमालूम, की साठ-सत्तर वर्षांनंतरही नख शिरत नव्हते. कोणी केली म्हणून विचारले, तर घरात कोणालाही सांगता येईना. ती आपल्याच कोणातरी बांधवाच्या आजोबांनी केलेली असेल. कदाचित माझ्याही.

म्हणून हे चरित्र लिहिले. आज आपली मुले इंजिनियर, कारकून, डॉक्टर होत आहेत, यात आनंदच आहे. ज्यांच्या हाती अजून पटाशी आहे त्यांच्या पाठीशी समाजाने उभे राहावे आणि त्यांच्या कामाचे दाम वेळच्या वेळी द्यावेत, हेही खरे. परंतु या स्मरणिकेच्या प्रत्येक वाचक कुटुंबाकडे माझे मागणे याहून लहान आहे. घरातील वडीलधाऱ्या कारागिराजवळ एक दुपार बसावे. त्यांचे नाव, त्यांनी कोणाजवळ काम शिकले, कोणत्या वस्तू कोणाला करून दिल्या, लाकूड कोणते, मापे कोणती, हे सर्व वहीत उतरवून घ्यावे. घरातील प्रत्येक जुन्या पाटाखाली, पाळण्याखाली, पेटीखाली ती करणाऱ्याचे नाव व साल लिहून ठेवावे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अशा पाच-पंचवीस नोंदी छापून आल्या, तर चिपेंडेलच्या त्या २२ अनाम कामगारांचे ऋण आपल्या परीने काही अंशी फिटले असे मी समजेन.

माझ्यापुरती सुरुवात मी केली आहे. वडिलांच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस त्यांचे नाव, गावाचे नाव आणि साल मी माझ्या हाताने लिहिले. शिक्षकाचे अक्षर आहे, तेव्हा वाचता येईल असे तरी निश्चित आहे.